ऐरोलीच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंची गोष्ट सुरू होते खेतवाडीतल्या एका मेलेल्या चिमणीपासून

थंडी सरत आली की ऐरोलीत एक वेगळीच गर्दी दिसायला लागते. ऑफिसला जाणाऱ्यांची नाही. गळ्यात दुर्बीण, खांद्यावर हातभर लांब लेन्सचा कॅमेरा आणि सोबत झोपेतून उठवून आणलेली पोरं, अशी ही मंडळी असतात. दिवा कोळीवाड्याच्या बाजूला खाडीकाठी वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. २०१७ मध्ये ते सुरू झालं. इथून बोटीत बसायचं, भरती-ओहोटीची वेळ साधायची आणि खाडीत फ्लेमिंगो बघायला जायचं. लोक रील बनवतात, शेअर करतात, घरी जातात.

ठाणे खाडीचा १,६९० हेक्टर पट्टा ६ ऑगस्ट २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यातलं ८९६ हेक्टर कांदळवन आहे, बाकी पाणी. २०२२ मध्ये तो रामसर स्थळांच्या यादीत गेला. रामसर हे इराणमधल्या एका गावाचं नाव. पाणथळ जागा वाचवण्याचा आंतरराष्ट्रीय करार १९७१ साली तिथे झाला, म्हणून ते नाव चिकटलं. महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर हा मान मिळालेली ही तिसरी जागा.

आता जरा विचार करा. दोन्ही बाजूंना शहर, मधे चिखल. जमिनीचा भाव माहीत असलेल्या कुणालाही हा चिखल म्हणजे वाया गेलेली जागाच वाटणार. भराव टाका, प्लॉट पाडा, विषय संपला. तरीही सरकारला तो चिखल पक्ष्यांसाठी राखून ठेवावासा वाटला. हा विचार आपल्याकडे रुजायला बरीच वर्षं लागली आणि तो रुजवण्यात ज्या माणसाचं आयुष्य गेलं, तो मुंबईचाच होता.

सलीम अली. पूर्ण नाव सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली.

खेतवाडीतला अनाथ पोरगा

१२ नोव्हेंबर १८९६ ला मुंबईत त्यांचा जन्म झाला. सुलेमानी बोहरा कुटुंबातलं हे शेंडेफळ. सलीम वर्षाचा असताना वडील गेले, तीन वर्षांचा असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी या भावंडांना खेतवाडीतल्या आपल्या घरात वाढवलं. गांधीजींचे सहकारी अब्बास तय्यबजी हेही याच घराण्यातले, सलीमचे मामाच.

मामांना शिकारीचा नाद होता. भाच्याला त्यांनी एक छर्ऱ्याची खेळण्यातली बंदूक आणून दिली. पोरगं दिवसभर चिमण्या टिपत फिरायचं. एकदा पडलेली चिमणी हातात घेतली तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. रोजच्या चिमण्यांना असा डाग नसतो. ही खायला चालते का, इथपासून ही नक्की कोण, इथपर्यंत प्रश्न गेला. मामांकडे उत्तर नव्हतं, पण ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सभासद होते. त्यांनी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावाने चिठ्ठी दिली आणि पोराला तिकडे पाठवलं.

१८८३ मध्ये स्थापन झालेली ही सोसायटी म्हणजे तेव्हा बहुतेक गोऱ्या साहेबांचा अड्डा. दहा-बारा वर्षांचा एक देशी पोरगा कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी घेऊन तिथे गेला. मिलार्ड यांनी त्याला हाकललं नाही. ती पीतकंठी चिमणी आहे हे त्यांनी सांगितलं. मग कपाटांचे खण उघडून त्याला पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तकं दिली. पुढे पक्ष्यांचे नमुने कसे तयार करायचे, हेही सलीम तिथेच शिकला.

डिग्री नाही म्हणून नोकरी नाही

यानंतर पोरगा सरळ पक्षितज्ज्ञ झाला असेल असं वाटतं ना? तसं काही झालं नाही. पुढची वीसेक वर्षं धडपडीची आहेत.

सेंट झेवियर्समध्ये पहिल्याच वर्षी अभ्यास जड गेला, गणिताने तर घामच काढला. कॉलेज सोडून स्वारी ब्रह्मदेशात तवॉयला गेली. तिथे घरच्यांचा टंगस्टनच्या खाणींचा आणि लाकडाचा धंदा होता. धंद्यात लक्ष किती होतं देव जाणे, आजूबाजूच्या जंगलात मात्र भरपूर होतं. मधे मुंबईत येऊन त्यांनी व्यापाराचं शिक्षण घेतलं, झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकले. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी लग्न झालं. पुन्हा ब्रह्मदेश, आणि मग धंदा बुडाला.

झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात पक्षितज्ज्ञाची जागा होती. सलीम अलींकडे विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती, म्हणून ती मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, नव्या निसर्गविभागात गाईड लेक्चररची नोकरी लागली. आलेल्या लोकांना, शाळेच्या मुलांना पक्षी-प्राण्यांची माहिती सांगायची. काही काळाने त्यांनी रजा काढली आणि बर्लिन गाठलं.

बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन स्ट्रेसमान नावाचे मोठे पक्षितज्ज्ञ होते. त्यांनी या पदवी नसलेल्या माणसाला शेजारी बसवून शिकवलं. सलीम अली त्यांना आयुष्यभर गुरू मानत आले. याच मुक्कामात ते उत्तर समुद्रातल्या हेलिगोलँड बेटावर गेले. स्थलांतर करणारे पक्षी तिथे पकडायचे, पायात नंबर टाकलेली कडी घालायची आणि सोडून द्यायचं, असं काम चालायचं. पुढे कुणाला कुठे तो पक्षी सापडला की कडीवरून कळतं, हा आला कुठून. हे कडीचं प्रकरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९३० मध्ये परत आले तर म्युझियमकडे पैसे नाहीत, म्हणून त्यांची जागाच रद्द झालेली.

किहीमचे दिवस

नोकरी नाही, मुंबईचं भाडं परवडेना. नवरा-बायको अलिबागजवळ किहीमला सासरच्यांच्या छोट्या घरात राहायला गेले. पावसाळा आला आणि जवळच्याच झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत वसली. सलीम अली रोज तिथे बसून नोंदी करू लागले.

सुगरणीचं कौतुक आपल्याकडे काय कमी आहे? बहिणाबाईंनी तर तिला घराघरांत पोचवलं. पण किहीमच्या नोंदींमधून जे दिसलं ते गमतीशीर होतं. खोपा विणतो तो नर. अर्धवट विणून झाला की माद्या येतात, आत शिरून तपासतात. पसंत पडला तर मादी राहते, नर उरलेलं काम पूर्ण करतो. ती अंडी घालून बसली की हा पठ्ठ्या दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात हा लेख आला आणि पदवी नसलेल्या माणसाचं नाव जगभरच्या अभ्यासकांना कळलं. ज्या बेकारीला ते वैतागले होते, तिनेच त्यांना निवांत बसून बघायला वेळ दिला होता.

मग त्यांनी एक शक्कल काढली. संस्थानांना कळवलं की तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी करून देतो. पगार नको, प्रवास आणि तंबूचा खर्च द्या. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, भोपाळ, इंदूर अशी एकामागून एक कामं मिळत गेली. बैलगाडी, तंबू, कंदील असा सगळा संसार. तेहमिना इंग्लंडमध्ये शिकलेल्या, पण जंगलातल्या त्या मुक्कामांत त्या बरोबर असायच्या. त्यांची भाषा चांगली होती, नवऱ्याचं लिखाण त्याच सुधारून द्यायच्या. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. सोनपाठी सुताराच्या एका उपजातीला तेहमिना यांचं नाव दिलेलं आहे, ते अजून टिकून आहे.

१९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. चित्रं बघून सामान्य माणसालाही पक्षी ओळखता येईल असं ते इंग्रजी पुस्तक होतं. त्याच्या आवृत्त्या अजून निघतात.

कच्छच्या रणातलं गुलाबी शहर

आता फ्लेमिंगोकडे येऊ. मराठीत त्याला रोहित म्हणतात, अग्निपंखही म्हणतात. ऐरोलीला ते येतात खायला. अंडी घालायला मात्र त्यांना दुसरीच जागा लागते, आणि आपल्या देशातली अशी सगळ्यात मोठी जागा कच्छच्या मोठ्या रणात आहे. कच्छचे महाराव खेंगारजी यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही वसाहत उजेडात आली.

१९४५ च्या एप्रिलमध्ये सलीम अली तिथे पोचले. खाली खारं पाणी, वर डोकं फिरवणारं ऊन, आणि समोर चिखलाच्या बुटक्या बुरुजांसारखी घरटी जिकडेतिकडे. प्रत्येक बुरुजावर एखादं अंडं. माणूस अशा ठिकाणी थक्क होऊन परत येतो आणि खूप पक्षी होते एवढंच सांगतो. सलीम अलींनी घरट्यांचा हिशेब मांडला आणि त्यावरून अंदाज काढला, पिल्लं धरून पाच लाखांच्या घरात पक्षी.

मला विचाराल तर या माणसाची खरी ताकद ही होती. पक्षी किती सुंदर आहे यावर ते फारसे रेंगाळत नसत. किती आहेत, कुठून आले, काय खातात, कुठे जातात हे विचारत. सरकारी टेबलावर सौंदर्याला किंमत नसते, आकड्याला थोडीफार असते.

त्याच तारखेला ४,२७३ पक्षी

राजस्थानातल्या भरतपूरला केवलादेव नावाची पाणथळ जागा आहे. संस्थानिकांनी बंधारे घालून पाणी अडवलं आणि बदकांच्या शिकारीसाठी ती तयार केली. थंडीत मध्य आशिया, सायबेरियातून बदकं यायची आणि पाहुण्यांच्या बंदुका तयार असायच्या. १२ नोव्हेंबर १९३८ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. तिथल्या दगडावर तो आकडा अभिमानाने कोरलेला आहे. योगायोग असा की त्या दिवशी सलीम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस होता.

स्वातंत्र्यानंतर वेगळंच संकट आलं. राजाच्या शिकारीसाठी एवढं पाणी कशाला अडवायचं, ते सोडा, जमीन कोरडी करा आणि शेतकऱ्यांना द्या, अशी मागणी झाली. ही मागणी चुकीची होती असं म्हणणं सोपं आहे, पण ज्याच्या शेतात पाणी नाही त्याच्या जागी उभं राहून बघा. सलीम अली थेट पंतप्रधान नेहरूंकडे गेले. शेवटी जागा टिकली आणि शेतीच्या पाण्याचाही विचार झाला. १९८१ मध्ये केवलादेव रामसर यादीत गेलं, १९८५ मध्ये जागतिक वारसा ठरलं. याच काळात बंद पडायला आलेल्या आपल्या सोसायटीसाठीही त्यांनी नेहरूंकडून मदत मिळवली होती. दिल्लीत शब्द कसा टाकायचा हे त्यांना चांगलं जमायचं.

मग कामाला आली ती हेलिगोलँडची कडी. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, माणसंही आजारी पडली. गोचिडीतून पसरणारा हा विषाणू रशियातल्या एका विषाणूच्या जवळचा निघाला. मग तिकडून येणारे पक्षी तो घेऊन आले का, ही शंका आली. जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले आणि सोसायटीने पक्ष्यांना कडी घालण्याचं मोठं काम हाती घेतलं. भरतपूरला कडी घातलेली बदकं पुढे सोव्हिएत संघात सापडू लागली. आपल्याकडचा पक्षी नेमका कुणाचा, या प्रश्नाचं उत्तर हळूहळू नकाशावर उमटलं. तो वाटेवरच्या सगळ्यांचा असतो. त्यातलं एक तळं आटवलं तरी हजारो किलोमीटरच्या प्रवासाची साखळी तुटते.

हा सगळा व्याप सांभाळत त्यांनी अमेरिकन अभ्यासक डिलन रिप्ले यांच्यासोबत भारत-पाकिस्तानातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १९६८ ते १९७४ या काळात बाहेर आला. १९५८ ला पद्मभूषण, १९७६ ला पद्मविभूषण, १९८५ ला राज्यसभा. निसर्गसंवर्धनाचं जे. पॉल गेटी पारितोषिक मिळालं, त्याचे पैसे त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या निधीला देऊन टाकले. मोटरसायकलचं मात्र भारी वेड. १९५० मध्ये स्वीडनला पक्षितज्ज्ञांच्या परिषदेला जाताना स्वतःची सनबीम गाडी बोटीने सोबत नेली आणि युरोपभर फिरवली. वय चोपन्नच्या आसपास.

म्हशींनी शिकवलेला धडा

एवढ्या मोठ्या माणसाबद्दल लिहिताना हा भाग सहसा गाळतात. पण ऐरोलीसाठी तोच सगळ्यात कामाचा आहे.

केवलादेवच्या आत आसपासच्या गावांची गुरं चरायची, म्हशी पाण्यात डुंबायच्या. गुरं आत नकोत, पक्ष्यांना त्रास होतो, असं सलीम अलींचंही मत होतं. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये चराईवर बंदी आली. गावकरी चिडले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली.

आणि पुढे काय झालं? म्हशी खात होत्या ते पाण्यातलं गवत आता मोकाट वाढलं. उघडं पाणी कमी झालं, बदकांना उतरायला जागा उरेना. सलीम अलींच्याच सोसायटीने तिथे दहा वर्षं अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की चराई त्या पाणथळीच्या फायद्याची होती. आपल्या सर्वांत मोठ्या माणसाचं मत आपल्याच आकड्यांनी खोडून काढायचं धाडस त्या संस्थेत होतं, याचं मला कौतुक वाटतं. आकडे बघा ही सवय त्यांनीच लावली होती म्हणा.

ऐरोलीत म्हशींच्या जागी कोळी आहेत. अभयारण्य झालं तेव्हा मासेमारीचं काय होणार, ही भीती खाडीकाठच्या कोळीवाड्यांत होतीच. पिढ्यानपिढ्या या चिखलात जाळी लावणाऱ्याला बाहेर काढून पक्षी वाचतील असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा भरतपूरची गोष्ट वाचावी.

जे त्यांनी पाहिलंच नाही

२० जून १९८७ ला मुंबईत सलीम अली गेले. वय नव्वद.

ठाणे खाडीत फ्लेमिंगो मोठ्या संख्येने यायला लागले ते त्यानंतर, नव्वदच्या दशकात. आधी शिवडीला दिसले, मग वर ऐरोलीपर्यंत. कच्छमध्ये पाच लाखांचा हिशेब मांडणाऱ्या माणसाने आपल्याच गावची गुलाबी खाडी पाहिली नाही. २०१९ मध्ये त्यांच्या सोसायटीने इथे मोजणी केली तेव्हा आकडा १ लाख २१ हजारांच्या आसपास गेला.

पण अभयारण्याची हद्द माणसांनी आखलेली आहे, पक्ष्यांना ती ठाऊक नाही. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा ते खाडीत चरतात. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो. मग त्यांना टेकायला दुसरी उथळ जागा लागते. ती नेरूळचा डीपीएस तलाव, सीवूड्सची पाणथळ, उरणकडचं पाणजे अशा ठिकाणी मिळते, आणि या जागा अभयारण्याच्या बाहेर आहेत. डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याची वाट अडली आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे फ्लेमिंगो मेले. त्याच मे महिन्यात घाटकोपरवर विमानाची धडक बसून तीसहून जास्त फ्लेमिंगो पडले. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. बाकीच्या जागांचा झगडा चालूच आहे.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. सुरुवातीचा दिवस मारुती चितमपल्ली यांच्या जन्माचा, शेवटचा सलीम अलींच्या. त्या दिवसांत ऐरोलीला गेलात तर फ्लेमिंगो कदाचित थोडेच दिसतील, त्यांची खरी गर्दी नंतरची. चिखलात तुरुतुरु पळणारे तपकिरी, मातकट रंगाचे छोटे पक्षी मात्र दिसतील. त्यांची रील कुणी बनवत नाही. त्यातले कितीतरी सायबेरियाकडून आलेले असतात.

२०२२ मध्ये सोसायटीने ठाणे खाडीतल्या सहा फ्लेमिंगोंच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली. हेलिगोलँडच्या कडीची ही आजची आवृत्ती. त्या पक्ष्यांना नावंही दिली. एक खेंगारजी, एक हुमायून, म्हणजे सलीम अलींचे नातलग आणि सोसायटीतले सहकारी हुमायून अब्दुलाली यांच्यावरून. एकाचं नाव नवी मुंबई. एकाचं सलीम. पावसाळ्यात हुमायून उडाला आणि त्याने गुजरातचा किनारा गाठला, यंत्राने वाट टिपून ठेवली.